पुणे हा ऋतू नाही

काल पुतण्याला क्लासला सोडायला गेलो अन् फुकटचा डेमो आहे म्हणून मागच्या बाकावर टेकलो. सरांनी कागद वाटले, गावाबद्दल अन् आवडींबद्दल इंग्रजीत लिहा. मी झोकात लिहिलं, 'द समर ऑफ लातूर इज हॉटर दॅन पुणे.'

सरांनी ते फळ्यावर उतरवलं. "उन्हाळ्याची तुलना केली थेट पुण्याशी. पुणे हा ऋतू आहे का हो काका?"

पोरं खिदळली. पुतण्या सगळ्यात आधी. 'दॅन दॅट ऑफ पुणे' पाहिजे म्हणे.

दुसरं वाक्य 'आय लाइक रीडिंग, स्विमिंग अँड टू स्लीप.' रीडिंग, स्विमिंग, मग पुढं स्लीपिंगच; एका दावणीला एकाच जातीची जनावरं. "मधेच हा टू कुठून आला?" मला वाटलं विचारतील, लातुरात पोहायला पाणी कुठून आलं! २०१६ साली आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलो. स्विमिंग लिहिताना माझाच हात अडखळला होता. पण त्यांचा जीव 'टू'त.

शेजारी औश्याकडचे एक मामा. लेकीची फी भरायला आलेले, मांडीवरच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावतेली.

"काय चुकलं म्हनायलेत?"

मी म्हटलं, "समजा, तुमची म्हैस शेजाऱ्यापेक्षा जास्त दूध देते..."

"शेजाऱ्यापेक्षा? शेजाऱ्याच्यापेक्षा म्हना की! शेजारी कशाला दूध देईल? त्यो साधा च्या पाजंना. बांध कोरून कोरून नांगराचे दोन तास आत आलाय, मोजनीला बोलावलं तर म्हनतो पाठ दुखायली. अन् म्हशीचं म्हनाल तर..."

सरांनी खडू आपटला. मामा माझ्या कानात वाकले, "तुमी मधला च्या खाल्ला, बगा."

आता राग येतो तो इथं. लहानपणी मी 'पुण्याच्यापेक्षा' असंच लिहायचो. शाळेत बाईंनी लाल शाईनं तो 'च्या' खोडला, गावंढळ म्हणून. म्हणजे 'दॅट ऑफ' आमच्या घरचंच होतं. मराठीनं ठेवलं म्हणून मार्क कापले, इंग्रजीनं नाही म्हणून कापले. कापायचेच होते तर एकदाच ठरवून कापायचे!

खाली जिन्यापाशी क्लासचा फलक होता, 'लर्न, प्रॅक्टिस अँड सक्सेस.' सर मागून आलेच.

"सर, शिका, सराव करा अन् यश? ही कुठली दावण?"

"ती जाहिरात आहे, काका."