‘उत्तर बरोबर, तरी चारपैकी एकच मार्क’: दहावीच्या एका पालकांच्या तक्रारीला क्लासकडून उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या क्लासला एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंत ते मी दोन-तीनदा वाचलं. उत्तराला चार दिवस लावले, कारण पहिल्याच दिवशी लिहायला बसले असते तर रागाने लिहिलं असतं. ज्यांनी तुमची तक्रार वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. बीजगणिताच्या चाचणीत मुलीचं उत्तर बरोबर असून तिला चारपैकी एकच मार्क दिला. एसटी उशिरा आली म्हणून ती पंधरा मिनिटं उशिरा पोचली, तर तिला आत घेतलं नाही. घरच्या लग्नात एक चाचणी बुडाली, तर शून्य मांडला आणि तो सगळ्यांच्या मार्कांसोबत पालकांच्या ग्रुपवर टाकला. गृहपाठ फार असतो, खोडरबर नाही, मोबाईल नाही, मध्येच क्लास सोडला तर फी परत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘नियम मुलांसाठी आहेत की मुलं नियमांसाठी?’

मुलीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही लिहिणार नाही. तुम्ही जेवढं उघड केलंत त्यापलीकडे तिच्याबद्दल इथे एक शब्दही येणार नाही.

आधी जिथे माझं चुकलं ते. त्या संध्याकाळी ती पडवीत उभी होती, दप्तर भिजलेलं होतं, आणि मी तिला पाहिलं होतं. पाहूनही मी फळ्याकडे वळले, कारण दहा मिनिटांनंतर कोणाला आत घ्यायचं नाही हा माझाच नियम. नियमामागे कारण होतं. पहिली दहा मिनिटं मी आदल्या दिवशी अडलेली गणितं सोडवते, आणि मध्ये दार उघडलं की बावीस माना तिकडे वळतात, मग तुटलेला धागा पुन्हा जुळवायला वेळ जातो. पण घाटाकडून येणारी एसटी पावसात कधी पोचेल हे चिपळूणात कोण सांगू शकतं? २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी ज्या बाईने आपल्या जिन्याच्या पायरीपायरीने चढताना पाहिलं, तिला तरी हे कळायला हवं होतं. अंधार पडत असताना मुलीला तासभर बाहेर उभं करणं चूकच होतं. दुसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली, सगळ्या बॅचसमोर, कारण बाहेरही तिला सगळ्या बॅचसमोरच थांबवलं होतं. आता उशिरा येणाऱ्याने मागच्या दाराने आत यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, आणि हुकलेली दहा मिनिटं क्लास सुटल्यावर माझ्याकडून समजून घ्यायची. बाहेर कोणी थांबणार नाही.

मार्क ग्रुपवर टाकण्याचंही तेच. इतकी वर्षं मी ते करत आले आणि पालकांना ते हवं असतं असं धरून चालले. काहींना हवं असतंही. पण त्या यादीत जे मूल खाली असतं, ते त्या रात्री काय घेऊन झोपत असेल याचा विचार मी केला नव्हता. यादी बंद केली आहे. उत्तरपत्रिका मुलाच्या हातात जाईल, पालकांनी तिच्यावर सही करून पाठवायची, बस्स. बुडालेल्या चाचणीला आता शून्य नाही, ‘गैरहजर’ लिहिलं जाईल, आणि ती चाचणी पुढच्या बुधवारी देता येईल. शून्य म्हणजे तिला काही आलं नाही असा अर्थ होतो. ती तर तिथे नव्हतीच.

आता त्या एका मार्काबद्दल. इथे मला तुमच्याशी सहमत होता येत नाही, आणि का ते नीट सांगायचं आहे.

गणित असं होतं: एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ १५० चौरस मीटर आहे, तर लांबी-रुंदी काढा. उत्तरपत्रिकेत एकच ओळ होती, रुंदी १० आणि लांबी १५. बरोबर आहे. डोक्यात दोन-तीन आकडे घालून पाहिले की दहा-पंधरा सापडतात, आणि ज्या मुलीला ते सापडतात तिची आकड्यांशी चांगली मैत्री आहे. हे मी तिला सांगितलं होतं, तुम्हालाही सांगते. पण प्रश्न वर्गसमीकरणाच्या प्रकरणावरचा होता. त्यात आधी ‘समजा, रुंदी एक्स मीटर आहे’ हे लिहायचं असतं. मग लांबी एक्स + ५. मग दोघांचा गुणाकार १५०, त्यातून एक्सचा वर्ग + ५ एक्स - १५० = ०. अवयव पाडले की एक्स १० किंवा -१५ येतो. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची ओळ: रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून -१५ ही किंमत घ्यायची नाही. ही ओळ मुलीने स्वतः लिहिली की मला कळतं, तिला आकडेमोडीपलीकडची बागसुद्धा दिसते आहे.

समजा, त्याच गणितात लांबी रुंदीपेक्षा २ मीटरने जास्त ठेवली आणि क्षेत्रफळ ७ चौरस मीटर दिलं. आता कितीही आकडे घालून पाहिले तरी नेमकं बसत नाही, कारण रुंदी येते ८ चं वर्गमूळ वजा १, म्हणजे सुमारे १.८३. डोक्यात उत्तर शोधणारं मूल इथे थांबतं, आणि एक्स मानणारं मूल सूत्राने दोन मिनिटांत सुटतं. पहिलं गणित सोपं दिलेलं असतं ते या दुसऱ्यासाठी रस्ता पायाखालचा व्हावा म्हणून.

आणखी एक साधी गोष्ट. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात शेवटी उत्तरसूची छापलेली असते. सरावसंच असो की संकीर्ण प्रश्नसंग्रह, उत्तरं तिथे आहेतच. उत्तर कोणी लपवलेलंच नाही, तेव्हा परीक्षेत मुलांकडून काय मागितलं जातं? तिथवर पोचायची वाट. बोर्डात बीजगणित आणि भूमिती या दोन्ही पेपरांना ४०-४० मार्क आणि दोन-दोन तास असतात, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. चार मार्कांच्या गणिताला बारा मिनिटं दिलेली असतात ती एका ओळीसाठी नव्हेत. तपासणाऱ्यांकडे पायरीपायरीचे मार्क ठरलेले असतात, आणि यात मुलांचा फायदाच जास्त. शेवटी वजाबाकीत चूक होऊन उत्तर बिघडलं तरी आधीच्या बरोबर पायऱ्यांचे मार्क हातात राहतात. पायऱ्याच नसतील तर चुकलेल्या उत्तराला आधार कुठून आणणार?

भूमितीत तर हे अजून ठळक दिसतं. दोन त्रिकोण समरूप आहेत एवढं लिहून भागत नाही. कोको (कोन-कोन) की बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोणती कसोटी, कोणता कोन कोणाशी एकरूप, आणि शिरोबिंदूंचा क्रम कोणता, हे लिहावं लागतं. क्रम चुकला की पुढची बाजूंची गुणोत्तरं सगळी चुकीची येतात, आणि मूल म्हणतं, ‘बाई, मला तर येत होतं.’ येत होतंच. लिहिलं नव्हतं.

पण एक माझ्याकडून राहिलं. तिच्या उत्तरपत्रिकेवर मी लाल पेनाने नुसतं ‘पायऱ्या?’ लिहून सोडून दिलं. तीन मार्क कुठे गेले हे शेजारी लिहायला हवं होतं. ते न लिहिता कापलेले मार्क मुलाला शिक्षेसारखे वाटतात, आणि तुम्हालाही तसंच वाटलं असणार. यापुढे जेवढे कापीन त्याचं कारण त्या-त्या ओळीशी लिहीन.

खोडरबर मी वापरू देत नाही आणि देणारही नाही. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. मला ती चूक बघायची असते. एखादं मूल पाच गणितांत पाच वेळा पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायला विसरत असेल, तर तिथेच मला त्याच्याजवळ बसायला हवं. खोडलेल्या वहीत सगळं नीटनेटकं दिसतं आणि मला काहीच कळत नाही. वही खराब दिसते म्हणून कोणाचा मार्क आजवर कापलेला नाही. उजवीकडे समास सोडून कच्चं काम करायला सांगते तेही याच कारणाने.

गृहपाठाबद्दल तुम्ही लिहिलंत की मुलगी रात्री दोन-दोन तास बसते. हे मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर मला वाईट वाटलं. मी रोज सहा गणितं देते आणि माझ्या हिशोबाने ती पाऊण तासात होतात. शाळेचा अभ्यास, येण्याजाण्याचे दोन तास, त्यावर हे दोन तास, असं कोणाच्याही लेकराला झेपणार नाही. म्हणून आता सांगते: एक तास झाला की जिथे असाल तिथे रेघ मारा, वही मिटा, खाली आईची किंवा बाबांची सही. दुसऱ्या दिवशी त्या रेघेखाली काय राहिलं एवढंच मी पाहीन, बोलणार नाही. उलट ती रेघ मला सांगते की मी कुठे कमी शिकवलं. मात्र शेजारच्या वहीतून उतरवून आणलेला पूर्ण गृहपाठ मला नको. चार वह्यांमध्ये एकाच ठिकाणी १५ चे १३ झालेले दिसले की ते कळतं. तेव्हा मी ओरडत नाही, पण त्यातलं एक गणित समोर बसून करायला लावते.

मोबाईल वर्गात टोपलीतच राहील. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि ज्या हाताला त्याची सवय लागली त्या हाताला फेब्रुवारीपर्यंत भागाकार सुचेनासा होतो. घरी मात्र स्वतः सोडवून झाल्यावर मोबाईलवर पडताळून बघायला माझी हरकत नाही. फोटो काढून पायऱ्या दाखवणारी अ‍ॅप्स मीही पाहिली आहेत, चुकलेली ओळ शोधायला ती उपयोगी पडतात. फक्त आधी पेन, मग फोन. क्लासच्या वेळात तुम्हाला मुलीशी बोलायचं असेल तर माझ्या नंबरवर फोन करा, मी तिला लगेच बाहेर पाठवीन.

फीच्या पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं होतं, ते काढलं आहे. फी तिमाही आहे. चालू तिमाहीतला उरलेल्या महिन्यांचा भाग परत मिळेल, कारण विचारणार नाही.

ताई, तुम्ही तिला क्लासमधून काढायचं म्हणता. तो निर्णय तुमचा आणि तिचा, मी आड येणार नाही, आणि वर लिहिल्याप्रमाणे फी परत मिळेल. मात्र ती गेली तरी त्या बागेच्या गणिताचं काम माझ्याकडे अर्धवट राहिलेलं आहे. तिची ती उत्तरपत्रिका मी बाजूला काढून ठेवली आहे, कापलेल्या तीन मार्कांच्या तीन ओळी शेजारी लिहून. शनिवारी दुपारी चारनंतर बॅच नसते. तिला घेऊन या, पंधरा मिनिटं लागतील. दुसऱ्या क्लासला घातलंत तरी या.

आपली,
क्लासच्या बाई