‘कॅटेगरी वन’ची ब्रँच निघत नाही, दाजी

गेल्या मंगळवारी रात्री अकराला ताईचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. पण बातमी आनंदाची होती म्हणे. “पोराला इंग्लंडला पाठवायचं ठरतंय, तुझं काय मत?” पोरगा म्हणजे माझा भाचा. वय तेरा, लेफ्ट विंगला पळतो, डावा पाय चांगला आहे, हेडिंगला अजून डोळे मिटतो. ठरतंय कशावरून, तर व्हॉट्सअॅपवरून. दाजींच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एक मेसेज पडला, तिथून आमच्या घरच्या ग्रुपवर आला, आणि दोन दिवसांत मला तो चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यातल्या एकाने आयुष्यात कधी फुटबॉलची मॅच बघितलेली नाही.

हिरवी टिकमार्कं आणि विमानं काढून टाकली तर मेसेजात उरतं ते एवढं. इंग्लंडच्या एका मोठ्या क्लबची ‘फिफा फाइव्ह स्टार कॅटेगरी वन अकादमी’ आता महाराष्ट्रात. ९ ते १५ वयाच्या मुलांची ट्रायल. निवड झाली की मुलगा थेट इंग्लंडच्या अकादमीत, व्हिसा क्लब काढणार. कॅटेगरी वनमध्ये गेला की १८व्या वर्षी प्रोफेशनल करार पक्का. क्लब पालकांना मोबदला देतो. मेसी तेराव्या वर्षीच गेला होता, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही असाच गेला. भारतात अकादम्यांना कसलं रेटिंगच नाही, मग इथे पोराला का कुजवता? नोंदणी २,५०० रुपये, निवड झाल्यास ‘प्लेसमेंट’ साडेतीन लाख.

दाजी आरडी मोडायला निघाले होते. फोनवर समजावून झालं, पटलं नाही. म्हणून लिहून काढतोय.

‘फिफा फाइव्ह स्टार कॅटेगरी वन’

तीन वेगळ्या गोष्टींची मिसळ केलीय आणि त्यावर तर्री ओतलीय. कॅटेगरी वन, टू, थ्री, फोर ही वर्गवारी इंग्लंडची आणि फक्त इंग्लिश व्यवस्थेतल्या क्लबांसाठी. २०१२ पासून तिथे ‘एलीट प्लेयर परफॉर्मन्स प्लॅन’ नावाची योजना चालते, तिच्यातून ती आली. प्रत्येक क्लबच्या अकादमीचं स्वतंत्र ऑडिट होतं. मैदानं कशी, पूर्णवेळ कोच किती, मुलांच्या शाळेचं आणि देखभालीचं काय, अकादमीतून वर किती खेळाडू गेले, हे सगळं तपासून वर्ग ठरतो. यात फिफा, म्हणजे फुटबॉलचा जागतिक महासंघ, कुठेच येत नाही, तारेही येत नाहीत.

आणि ही हॉटेलसारखी उतरंडही नाही. कॅटेगरी फोरमध्ये लहान मुलं घेतच नाहीत. उशिरा बहरलेल्या, दुसऱ्या अकादमीने सोडून दिलेल्या सतरा-अठराच्या पोरांसाठी ती सोय आहे. म्हणजे चार हा आकडा ‘नापास’ असा वाचायचा नसतो.

तारे कुठून आले असतील याचा अंदाज आहे. जर्मनीत बुंडेसलिगा या वरच्या लीगमधल्या क्लबांच्या अकादम्यांना बेल्जियमच्या एका कंपनीकडून तपासून तारे देत असत, पण तेही जास्तीत जास्त तीन. आशियाई महासंघाच्या, म्हणजे एएफसीच्या योजनेतही तीनच. पाच तारे कुणाकडे असतात, तर ताजकडे.

मी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा गडी फार गोड बोलत होता. “सर, ही कॅटेगरी वनची इंडिया ब्रँच आहे.” ब्रँच? बँक आहे का? वर्ग मिळतो तो त्या गावातल्या त्या मैदानांना, तिथे रोज येणाऱ्या कोचना आणि डॉक्टरांना. शिरोलीत भाड्याच्या टर्फवर क्लबचा लोगो लावला म्हणून ऑडिट विमानात बसून येत नाही.

हां, एक मान्य करतो. इंग्लिश आणि युरोपियन क्लब आपल्या नावाच्या सॉकर स्कूल जगभर चालवतात, फी घेऊन. त्यात काही चांगल्याही असतात, पोरं चार गोष्टी शिकतात. पण तो क्लबचा धंदा आहे, अकादमी वेगळी. अकादमीत नोंदलेल्या मुलावर क्लब खर्च करतो, त्याच्या बापाकडून साडेतीन लाख घेत नाही. ज्याला तुम्ही हवे असता तो तुमच्याकडे पैसे मागत नाही, हे दाजी, तुम्हाला तुमच्या धंद्यात मी सांगायला नको.

‘९ ते १५ वयाचा मुलगा थेट इंग्लंडच्या अकादमीत’

आता या वाक्यावर मी बसणार आहे, कारण आरडी याच वाक्यासाठी मोडली जाणार होती.

फिफाचं खेळाडूंच्या नोंदणीचं आणि बदलीचं नियमपुस्तक आहे. फुकट मिळतं, इंग्रजी जड आहे, पण कलम १९ वाचायला अर्धा तास पुरतो. ते म्हणतं, १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होणार नाही. परदेशी मुलाची पहिल्यांदाच नोंदणी करायची असेल तरी हेच. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं. युरोपियन युनियनच्या आत १६ ते १८ वयाला वेगळी सवलत आहे. सरहद्दीवर राहणाऱ्यांना आहे, पण घर सरहद्दीपासून ५० किलोमीटरच्या आत हवं आणि क्लबही. कोल्हापूरपासून ५० किलोमीटरच्या आत सरहद्द लागते खरी, पण ती कर्नाटकची. निर्वासितांसाठी आणि शाळेच्या एक्स्चेंजवर गेलेल्या मुलांसाठीही वेगळी तरतूद आहे. जवळपास संपलं. ‘ट्रायलमध्ये चमकला’ हा अपवाद त्यात नाही.

पहिल्या अपवादावर दाजी लगेच म्हणाले, “मग मीच तिकडं नोकरी बघतो की!” बघा. पण पोराच्या फुटबॉलसाठी बापाने नोकरी धरली की कारण फुटबॉलच झालं, आणि तेच तिथे तपासतात. शिवाय शिरोलीचं वर्कशॉप कोण बघणार?

इंग्लंडचं तर आणखी घट्ट आहे. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, इंग्लिश क्लबांची युरोपातली वाटही बंद झाली. फ्रान्समधला सोळा वर्षांचा पोरगा त्यांना घेता येत नाही, जो आगगाडीने अडीच तासात लंडनला पोचतो. आणि आमचा भाचा कोल्हापुरातून जाणार! १८ पूर्ण झाल्यावरही परदेशी खेळाडूला गुणांची परीक्षा असते: कुठल्या देशाकडून किती मॅच, कुठल्या लीगमध्ये. त्या पट्टीवर आपल्या लीगला किती गुण पडतात ते विचारू नका.

देशाच्या आतही मोकळं रान नाही. ९ ते ११ वयाच्या मुलाचं घर अकादमीपासून तासाभराच्या प्रवासात हवं, असा तिथला नियम. मोठ्या अकादम्यांना पुढच्या वयोगटांत सूट मिळते, पण दहा वर्षांच्या पोराला लंडनहून मँचेस्टरला नेता येत नाही. नियम मोडला तर दंड बसतो. २०१७ मध्ये लिव्हरपूलला एका लांड्या कारभारासाठी एक लाख पौंड भरावे लागले. स्टोक या दुसऱ्या क्लबच्या अकादमीतल्या एका शाळकरी मुलाला परस्पर गाठलं होतं. वर अकादमीसाठी दुसऱ्या क्लबांची मुलं घेण्यावर बंदी आली ती वेगळीच. एका गावातून शेजारच्या गावात मुलगा न्यायला ही गत.

कलम १९ कागदावरच असतं असं वाटत असेल तर बार्सिलोनाला विचारा. परदेशी लहान मुलांच्या नोंदणीवरून २०१४ मध्ये फिफाने त्यांच्यावर दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे नवे खेळाडू नोंदवायच्या दोन मुदतींची, बंदी घातली. पुढे रिअल माद्रिद, अॅटलेटिको, चेल्सी, सगळे त्याच खड्ड्यात पडले. यातलं माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण जपानच्या ताकेफुसा कुबोचं. पोरगा दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या ला मासिया या अकादमीत गेला. बंदीच्या प्रकरणात त्याला खेळताच येईना, म्हणून २०१५ मध्ये जपानला परतला. तिथे वाढला, १८ झाल्यावर २०१९ मध्ये पुन्हा स्पेनला गेला, आणि तेही रिअल माद्रिदकडे! एवढा खेळाडू, पाठीशी बार्सिलोनासारखा क्लब, तरी नियमापुढे काही चाललं नाही. आपल्या पाठीशी कोण आहे, तर ट्रायलवाला.

मेसीचं म्हणाल तर बरोबर, तेराव्याच वर्षी गेला. २००० साली. लहान मुलांच्या संरक्षणाचा हा नियम आला २००१ मध्ये. मेसीचं नाव घ्यायचं आणि साल गाळायचं!

मग व्हिसा कसला मिळतो? फोनवरचा गडी जरा रेटल्यावर बोलला: “आधी एक्स्पोजर टूर असते सर, पंधरा दिवसांची.” पर्यटकाचा व्हिसा, दोन मैत्रीपूर्ण सामने, स्टेडियमबाहेर फोटो. सहल म्हणून विका की, कोण नाही म्हणतंय? जायची ऐपत असलेल्याने जावं. ‘अकादमीत प्रवेश’ म्हणून विकता, तिथे माझं डोकं फिरतं.

आणि हा नुसता पैशांचा विषय नाही. जून २०२३ मध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या रिबा द आव्हे इथल्या एका फुटबॉल अकादमीवर तिथल्या यंत्रणांनी छापा घातला. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशियातून आणलेली मुलं तिथे सापडली, कितीतरी अल्पवयीन. चौकशी मानवी तस्करीची लागली. तिथेही पोरांच्या आईबापांना स्वप्न हेच दाखवलेलं असणार. ताईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा गप्प झाली.

‘अनिकेत जाधवही असाच गेला’

इथे अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, आणि २०१९ मध्ये इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी गेलाही होता. शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसणाऱ्या कुणालाही हे पाठ आहे.

पण ‘असाच’ नाही. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून, सरकारी व्यवस्थेतून वर आला. वर्ल्ड कप खेळला, मग इंडियन अॅरोज या संघाकडून आय-लीग ही देशातली स्पर्धा. ब्लॅकबर्नला गेला तेव्हा वय १८ च्या पुढे, आणि गेला सरावाला, नोंदणीला नाही. परत येऊन जमशेदपूरकडून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, खेळला. साडेतीन लाखांची पावती यात कुठे बसते?

ब्लॅकबर्नवर जरा थांबू या, कारण माझा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच आहे. या मेसेजशी त्या क्लबचा काडीचा संबंध नाही. पण २०१० पासून त्याची मालकी पुण्याच्या वेंकीज या कंपनीकडे आहे. अकादमी इंग्लंडच्या वर्गवारीत कॅटेगरी वन. म्हणजे मालक मराठी मुलखातले, अकादमी पहिल्या वर्गाची. ट्रायल घेऊन महाराष्ट्रातली तेरा-चौदा वर्षांची पोरं उचलून तिकडे नोंदवणं कुणाला जमलं असतं, तर यांना. एवढ्या वर्षांत अशी फौज गेलेली दिसली का? कलम १९ क्लबचा मालक कुठला आहे ते विचारत नाही.

‘करार पक्का’ आणि ‘पालकांना मोबदला’

हे उरकतो. वर्ग अकादमीला मिळतो, पोराला नाही. नवव्या वर्षी नोंदणी झाल्यावर दर एक-दोन वर्षांनी ठेवायचं की सोडायचं ठरतं, सोळाव्या वर्षी मोठी चाळणी लागते, प्रोफेशनल करार सतराच्या आधी होत नाही. बहुतेक मुलं या वाटेवर गळतात, कॅटेगरी वनमध्येसुद्धा. मोबदला असतो, पण क्लबाक्लबांत. आधीच्या क्लबने घडवलं म्हणून नवा क्लब त्याला देतो. आणि तोही २०१२ नंतर ठरावीक दराने, त्यामुळे लहान क्लब चांगलेच रडले. ब्रेंटफर्डची दोन पोरं मँचेस्टरच्या दोन क्लबांनी प्रत्येकी तीसेक हजार पौंडांत नेली, तेव्हा त्यांनी २०१६ मध्ये अकादमीच बंद केली. पुढे पुन्हा उघडली. ही व्यवस्था मोठ्या माशांच्या सोयीची आहे असं माझं मत आहे, पण तो वेगळ्या भांडणाचा विषय.

‘भारतात रेटिंगच नाही’

आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादम्यांना मानांकन देतो. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स तर एएफसीचे दोन तारे मिळवणारी देशातली पहिली अकादमी, आणि तिथे निवडलेली मुलं शिष्यवृत्तीवर राहतात. जागा मूठभर, हे खरं. कोल्हापूरसारख्या गावात, जिथे पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या मॅचला स्टेडियम भरतं, तिथे पोरांसाठी दर्जेदार निवासी अकादमी असायला हवी होती, हेही खरं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच दुखणं हेरलंय. म्हणून पहिला प्रश्न त्याला विचारा: महासंघाकडे तुमच्या अकादमीचं मानांकन काय? मी विचारला. फोन ‘नेटवर्क’मुळे कट झाला आणि पुन्हा लागला नाही.

ट्रायल या रविवारी आहे. भाचा म्हणतोय, “मामा, नुसतं खेळून तर येतो.” त्याच दिवशी सकाळी त्याच्या तालमीच्या संघाची १५ वर्षांखालच्यांची मॅच आहे, आणि लेफ्ट विंगला दुसरं कुणी नाही. दाजींनी नोंदणीचे २,५०० आधीच भरलेत. यूपीआयच्या पावतीवर ना क्लबचं नाव, ना अकादमीचं, एका माणसाचं वैयक्तिक खातं आहे. ती पावती आणि मूळ मेसेज डिलीट करू नका, एवढं सांगून ठेवलंय.