कळसूबाई सर करू इच्छिणाऱ्या मित्रमंडळींस हितोपदेश

ज्या मित्रांशी आपली वर्षानुवर्षांची मैत्री आहे आणि ती इतकी वर्षे टिकल्याचा आता थोडा कंटाळा आला आहे, त्यांना घेऊन एखाद्या उंच डोंगरावर जावे. उसनवारी, भागीदारीतला धंदा, लग्नातला मानपान या जुन्या उपायांना फार काळ लागतो. डोंगर तेच काम एका रविवारात उरकून देतो. डोंगर कोणता, या चर्चेत मात्र वेळ दवडू नये. अकोले तालुक्यातले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, म्हणजे राज्यात सर्वांत उंच आहे, आणि सर्वांत उंच असल्याखेरीज आपल्याला कशातच गोडी वाटत नाही. त्याला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणण्याची रीत आहे. पाच कळसूबाया एकावर एक रचल्या तरी एव्हरेस्टचा माथा सहाशेहून अधिक मीटर वरच राहतो, हे गणित ग्रुपवर कोणी टाकलेच, तर त्याला नकारात्मक वृत्तीचा ठरवून मोकळे व्हावे.

ग्रुपचे नाव आधी ठरवावे. नावात सह्याद्री, वाघ, वेडे आणि भटके यांपैकी किमान दोन शब्द असावेत. सत्तावीस जण ‘नक्की येतो’ म्हणतील आणि नऊ जण येतील, याची काळजी करू नये. या नवांत तो एक असला म्हणजे झाले. तो कोण, हे आपणांस ठाऊक आहे. प्रत्येक मित्रमंडळात तो असतो. त्याची अलीकडची सर्वांत मोठी चढाई दादर स्थानकाचा पूल ही असते, तो वर्गणी सर्वांत आधी भरतो, आणि आदल्या रात्री फोन करून हळूच विचारतो, ‘‘जमेल ना रे मला?’’ अशा वेळी त्याला खरे सांगण्याचा मोह आवरावा. खडा चढ आहे, अडीच-तीन तास लागतात, मध्ये लोखंडी शिड्या आहेत, असे काहीही न बोलता ‘‘अरे, बायाबापड्या जातात तिथे’’ एवढेच म्हणावे. हे वाक्य खोटे नाही. नवरात्राच्या यात्रेत परिसरातल्या बायाबापड्या खरोखरच वर जातात. फक्त त्यांचे गुडघे डोंगरात घडलेले असतात आणि आपल्या मित्राचे संगणकासमोरच्या खुर्चीत, हा बारकावा त्याचा त्याला उमगू द्यावा.

सामानाची वाटणी करताना शास्त्र पाळावे. जे चपळ आहेत त्यांनी कॅमेरा, सेल्फीची काठी आणि झेंडा घ्यावा, कारण या गोष्टी शिखरावर सर्वांत आधी पोहोचणे आवश्यक असते. स्टोव्ह दुसऱ्याकडे, मॅगीची पाकिटे तिसऱ्याकडे द्यावीत. उरलेले मोठे ॲल्युमिनियमचे पातेले, त्यात कोंबलेले कांदे आणि तीन लिटर पाणी त्याच्या सॅकमध्ये भरावे. कारण विचारल्यास ‘‘तुझीच सॅक मोठी आहे’’ असे सांगावे. ती त्याने याच सहलीसाठी, आपल्याच सल्ल्याने, नवी घेतलेली असते.

दिवस जुलैमधल्या रविवारचा निवडावा. दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत शिखरावरून पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ही दुर्गत्रयी दिसते, दक्षिणेकडे रतनगड आणि हरिश्चंद्रगड ओळखता येतात, आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी पायाशी पसरलेले असते. पण हे सगळे दिसू लागले तर माणसे डोंगर बघत बसतात आणि एकमेकांकडे त्यांचे दुर्लक्ष होते. जुलैत हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत, इतका ढग असतो. फोटोसाठी मागे पांढरा पडदा हवाच असतो, आणि तो विकत घेतला तर महाग पडतो. मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी शेवटची कसारा लोकल धरावी, रात्रभर गाणी म्हणून कोणाचाही डोळा लागू देऊ नये, कसाऱ्याहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून पहाटे बारी गावात उतरावे आणि पोटात चहाखेरीज काहीही न ढकलता चालू पडावे. पुढे कोणाचे डोके दुखू लागले, तर त्याला ‘‘वर ऑक्सिजन कमी असतो’’ असे गंभीरपणे समजवावे. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि आपण जागरण, उपास व कमी पाणी या तिघांच्या जोरावर तो निम्म्या उंचीवरच मिळवला, हा पराक्रम मुळीच लहान नव्हे.

आता चालण्याच्या पद्धतीकडे वळतो, कारण मैत्रीचा खरा निकाल तिथेच लागतो. डोंगरात मुरलेली माणसे सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळ्यांना चालवतात, वाट माहीत असलेला एक जण पुढे ठेवतात, दुसरा तितकाच भरवशाचा गडी सर्वांच्या मागे ठेवतात आणि या दोघांच्या मधूनच बाकीच्यांनी चालावे असा दंडक घालतात. ही जुनाट पद्धत आपण सोडून द्यावी. पहिल्या पाच जणांनी सुसाट निघावे. दोन वळणे पुढे गेल्यावर एखाद्या खडकावर बसून पाणी प्यावे, चिक्की खावी, पाय पसरावेत, वाऱ्यावर घाम सुकवावा आणि मागून येणाऱ्याची प्रेमाने वाट पाहावी. तो धापा टाकत, चष्म्यावरचे धुके अंगठ्याने पुसत, चिखलात रुतलेला बूट उपसत शेवटचे वळण पार करून समोर आला, की सर्वांनी एकदम उठून उभे राहावे, कपडे झटकावेत आणि ‘‘चला, आला एकदाचा, निघू या’’ असे म्हणून चालू लागावे. अशा रीतीने ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला दर वळणावर दहा मिनिटे मिळतात, आणि ज्याला गरज आहे त्याला दिवसभरात एकही मिळत नाही. मी गेली पंधरा वर्षे ही व्यवस्था पाहत आलो आहे, बहुतेक वेळा खडकावर बसून, आणि तिच्याविरुद्ध एकदाही तक्रार आलेली नाही. तक्रार करायला श्वास लागतो.

गावापासून थोडे वर चढले की देवीचे एक मंदिर लागते. ज्यांना शिखर गाठणे होत नाही ते इथेच हात जोडून परततात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या मित्राची नजर त्या पायरीवर रेंगाळू लागली, तर तत्काळ ‘मनाची ताकद’ या विषयावर बोलावे.

शिड्यांवर रविवारी रांग असते. भिजलेल्या लोखंडाला हाताला चिकटणारा गंजाचा वास असतो, वरच्याच्या बुटातला चिखल नेमका आपल्या बोटांवर गळत असतो, आणि आपल्यामागे कोण्या दुसऱ्याच सह्याद्रीचे, दुसरेच वाघ ‘‘चला लवकर’’ म्हणून ओरडत असतात. मध्यावर थांबून एक हात सोडून चलचित्र घेण्याची संधी याहून चांगली मिळत नाही. कोणी ब्लूटूथचा स्पीकर आणला असेल तर तो याच वेळी मोठा करावा. कड्यांना आग्या मोहोळे असतात, गोंगाट, धूर आणि अत्तराचा वास त्यांना खपत नाही, असे जाणकार सांगतात. पण मधमाश्यांनी आपला ग्रुप अजून पाहिलेला नाही.

मागचा मित्र पहिल्या शिडीपर्यंत पोहोचेलच असे नाही. आमचा तरी पोहोचला नाही. शिडीच्या खालीच प्लास्टिकच्या कागदाने शाकारलेल्या एका झापात लिंबूसरबत विकणारी एक आजी बसली होती. तिने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि ‘‘बस लेकरा’’ एवढेच म्हटले. पहाटेपासून त्याला असे म्हणणारी ती पहिलीच. तो बसला. आम्ही त्याला ‘‘येताना घेतो तुला’’ असे सांगितले, जसे काही तो छत्री होता, आणि वर निघालो.

शिखर हे जिंकण्यासाठी असते, हे विसरू नये. देवीच्या इवल्याशा मंदिराला पाठ करून झेंडा पसरावा, घोषणा द्याव्यात, आणि ज्यांच्या घोषणा आपण देतो त्यांनी दमलेला मावळा वाटेत टाकला असता का, असल्या प्रश्नांना ढगात जाऊ द्यावे. फोटोत आठच जण आहेत हे कोणाच्या तरी लक्षात येते. त्याचा जुना फोटो नंतर कडेला चिकटवता येतो. आमच्यापुढे अडचण निराळी होती. स्टोव्ह पेटला, मॅगीची चौदा पाकिटे फोडून झाली, आणि मग सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. पातेले खाली होते. पाणीही खाली होते. महाराष्ट्राच्या सर्वोच्च बिंदूवर आठ विजयी वीरांनी कोरडी मॅगी मसाला भुरभुरून खाल्ली.

उतरताना घाई करावी, म्हणजे गुडघ्यांची खरी ओळख पटते. झापाशी आलो तेव्हा आमचा मित्र कोरड्या घोंगडीवर मांडी घालून गरम भाकरी आणि पिठले खात होता, आणि आजी त्याला कळसूची गोष्ट सांगत होती. केर काढणे आणि भांडी घासणे सोडून बाकी सगळे काम करीन, अशा बोलीवर ती पाटलाच्या घरी राहिली होती. एके दिवशी त्याने तिला बळेच भांडी घासायला लावली, तेव्हा ती सरळ डोंगरावर निघून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. अशी माहिती आपला मित्र उगाच मिळवत असेल तर त्याला लगेच उठवावे. आम्ही उठवले. भाकरीचे पैसे त्यानेच दिले, आणि मग आम्ही सरबताचे दर पाच रुपयांनी कमी व्हावेत म्हणून आजीशी पुष्कळ वेळ वाद घातला.

परतीच्या लोकलमध्ये तो फारसे बोलला नाही. थकला असावा, असे आम्ही समजलो, आणि आपणही तसेच समजावे. सोमवारी सकाळी आठ जणांचा फोटो ग्रुपवर पडला, त्यावर अंगठे आणि ज्वाळा उमटल्या, आणि दुपारी एक बारीक करडी ओळ दिसली, की अमुक व्यक्ती ग्रुपमधून बाहेर पडली आहे. पुढची मोहीम साल्हेरची ठरली आहे. पातेले त्याच्याकडेच राहिले आहे, आणि ते मागण्यासाठी फोन कोणी करायचा यावर ग्रुपवर मतदान चालू आहे. आतापर्यंत सात मते मला पडली आहेत.