खंडव्याची गाडी परत आणा, पण मेळघाटच्या बाहेरून

माझी आत्या खकनारला दिली होती. खकनार म्हणजे बऱ्हाणपूर जिल्हा, मध्य प्रदेश. पण आमच्या घरात कोणीही कधी तिला 'परराज्यात दिली' असं म्हटलं नाही. आमच्या अडगावच्या (जिल्हा अकोला) टेसनावर अकोला-खंडवा गाडीत बसायचं, तुकईथडला उतरायचं आणि मिळेल त्या जीपने पुढे जायचं, एवढंच ते अंतर होतं. दिवाळीनंतर आत्या यायची तेव्हा तिच्या पिशवीत सीताफळं असायची. ती वान रोड टेसनला गाडी थांबली की कोरकू बायांकडून, म्हणजे मेळघाटातल्या आदिवासी बायांकडून, खिडकीतूनच घेतलेली. घरी येईपर्यंत निम्मी पिकून फुटायची, पिशवी चिकट व्हायची, आणि आई ती पिशवी धुता धुता नणंदेशी भांडायची.

२०१९ ला आत्या गेली. सकाळी फोन आला. तोवर गाडी बंद होऊन दोन वर्षं उलटली होती. आम्ही चौघं हिवरखेड, सोनाळा, जामोद करत, गाड्या बदलत, शेवटी एका ओळखीच्या पिकअपमध्ये मागे उभे राहून पोचलो. मयत होऊन गेली होती. बापू, म्हणजे माझे वडील, बहिणीच्या अंगणात बसून राहिले. कोणाशी बोलले नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण या रेल्वेबद्दल बोलताना कोणी मला 'तुम्ही वाघवाले', म्हणजे वाघासाठी रेल्वे अडवणारे, म्हणू नये. मला ही गाडी हवीच आहे.

या अकोला-खंडवा लाइनीचा इतिहास आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. उत्तरेकडचा तुकडा होळकरांमुळे झाला. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं. एका संस्थानिकाने, त्या काळातले १ कोटी! दक्षिणेकडचा पूर्णा-हिंगोली हा तुकडा निजामाच्या राज्यातला, १९१२ चा. मध्ये राहिलं आपलं वऱ्हाड आणि सातपुडा. हिंगोली ते खंडवा ही जोडणी झाली ती स्वातंत्र्यानंतर. मग अजमेर-जयपूरहून निघालेली गाडी रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा करत मीटरगेजवरूनच हैदराबादकडे जाऊ लागली. मीनाक्षी एक्स्प्रेस अनेकांना आठवत असेल. एक मीटर रुंदीच्या त्या रुळांनी अकोटच्या माणसाला अजमेरच्या दर्ग्याला नेलं, ओंकारेश्वरला नेलं, इंदूरच्या दवाखान्यात नेलं.

आणि धूळघाटचा वेढा! वान रोड सोडलं की चढ लागतो. सरळ चढवायला गेलं तर इंजिनाला झेपणार नाही, म्हणून रूळ डोंगराला वळसा घालून आणले आणि आपल्याच खालच्या रुळांवरून पुलाने पलीकडे नेले. वरून पाहिलं तर मराठीतल्या चारच्या आकड्यासारखं दिसतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. बापूंनी मला खिडकीशी धरलं आणि म्हणाले, "पाह्य लेका, खाली रूळ दिसते ना? आत्ताच तिथून आलो आपण." मला ते पटेना. गाडी इतकी हळू चालली होती, की डब्यातली दोन पोट्टी उतरून शेजारून चालू लागली होती. कोळशाचा कण डोळ्यात गेला म्हणून आत्या पदराच्या टोकाने फुंकर मारत होती, आणि मी दुसऱ्या डोळ्याने तो खालचा पूल पाहत होतो.

अकोला-पूर्णा २००८ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचं, झालं. आमच्या बाजूची गाडी त्याच कामासाठी २०१७ चं साल उजाडताच थांबली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, त्याचा आनंद आहेच. पण ती अकोटलाच थांबते. पुढचा सातपुडा तसाच अडकलेला. आज अकोल्याहून खंडव्याला रेल्वेने जायचं तर भुसावळचा फेरा, अडीचशे किलोमीटरहून जास्त. जुन्या लाइनीने तेच पावणेदोनशेच्या आसपास होतं.

आता मुद्द्याचं. जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून सुमारे ४० किलोमीटर जातो. मेळघाट हा देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. लोक म्हणतात, इतकी वर्षं गाडी चाललीच ना, तेव्हा वाघ मेले का? अहो, ती गाडी वेगळी होती. पोट्टी शेजारून चालायची ती गाडी. ब्रॉडगेज झाल्यावर रात्रंदिवस मालगाड्या धावतील. रुंद भराव, वरून विजेच्या तारा, आणि ताशी शंभरच्या वेगाने येणारं इंजिन. त्याच्यापुढे अस्वलाचं पिल्लू काय करणार?

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. याच जंगलातली केलपाणी, गुल्लरघाट यांसारखी गावं आपण वाघासाठी उठवली. कोरकू माणसाला सांगितलं, तुझ्या चुलीने आणि तुझ्या गाईने जंगलाला त्रास होतो, खाली ये. तो आला. अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर नव्या वस्तीत राहतो, उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजतो. आता त्याच्याच जंगलातून आपण मोठी रेल्वे नेली, तर त्याला काय तोंड दाखवायचं?

पर्यायी मार्ग कागदावर आहे. अकोट, अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुवरदेव, उसरणी, खकनार, खिकरी, तुकईथड. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२१ मध्ये केंद्राकडे हाच आग्रह धरला होता. लांबी तिसेक किलोमीटरने वाढते. पण नावं नीट वाचा. आत्याच्या मयतीला आम्ही ज्या वाटेने धडपडत गेलो, तीच वाट आहे ही! माणसं याच वाटेने जातात, सोयरीक याच वाटेने होते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी आजवर रेल्वेचा रूळ पाहिलेला नाही. तिथल्या पोराला गाडी पकडायची तर शेगाव किंवा नांदुरा गाठावं लागतं. आमचं अडगाव दोन्ही नकाशांत आहे, त्यामुळे मी काही माझ्या गावासाठी भांडत नाही.

खर्च वाढेल, मान्य. पण वन खात्याच्या परवानग्या आणि कोर्टकचेऱ्या यात गेलेल्या वर्षांचा खर्च कोणी मोजला?

एका ठिकाणी मात्र माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. धूळघाट, डाबका या बाजूच्या लोकांचं काय? त्यांच्या दारातली गाडी गेली आणि नव्या मार्गाने ती परत येणार नाही. बाळंतीण असो की बाजाराचं ओझं, त्यांना तीच एक गाडी होती. मार्ग बदला म्हणणाऱ्या प्रत्येकाने, मीही त्यात आलो, त्यांच्यासाठी धारणी आणि तुकईथडकडे रोजच्या एसटीची मागणी त्याच कागदावर लिहिली पाहिजे. खाली 'वगैरे' म्हणून नको, पहिल्या ओळीत.

बापू आता ऐंशीच्या घरात आहेत. परवा विचारत होते, अकोटच्या पुढं काम सुरू झालं का रे. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, खकनारवरून नेत असतील तर चांगलं हाय, तिथं टेसन होईल.

येत्या ग्रामसभेत मी पर्यायी मार्गाचा आणि एसटीचा, दोन्ही मिळून एकच ठराव मांडणार आहे. मसुदा तयार आहे. सोनाळा, जामोद, हिवरखेडकडच्या मित्रांनी आपापल्या गावात हाच ठराव घ्यावा, मसुदा हवा असेल तर मेसेज करा. आणि धूळघाट, डाबका बाजूचं कोणी हे वाचत असेल, तर एसटीच्या कोणत्या वेळा तुम्हाला सोयीच्या पडतील ते सांगा. ठरावात त्याच वेळा लिहीन.