ओसी नसली तरी पझेशन

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता साहेब तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. "सोमवारी आपला कोड ओपन सोर्स करतोय, म्हणजे सगळ्यांना बघायला-वापरायला खुला. जरा लायसन्स वगैरे बघून घ्या." बिलकूल घाबरू नका. अंधेरीहून विरार फास्ट पकडायला अजून तासभर आहे, आणि एवढ्या कामाला तासभर म्हणजे चैन. या मुंबईत ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, नसलेल्या इमारतींत लोक वर्षानुवर्षं राहतात, टँकरचं पाणी पितात, पूजा घालतात. तुमच्या कोडनेच काय घोडं मारलंय?

मुळात लायसन्सची फाइल टाकूच नका. कोड सगळ्यांना दिसतोय म्हणजे तो सगळ्यांचाच की! १९५७चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमलाही साहित्यकृती मानतो (आपला कोड वाचूनही कोणी त्याला साहित्य म्हणावं, हा कायद्याचा मोठेपणा), त्यामुळे परवाना दिल्याशिवाय तो कोणालाच उचलता येत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला कटिंग पाजा आणि विषय बदला.

फारच आग्रह झाला तर एमआयटी नावाचं तयार लायसन्स लावा. छोटं आहे, न वाचताही वाचल्यासारखं वाटतं. मात्र आत कोणकोणाच्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांचा आयता कोड, आहेत ते उकरू नका. तिथे जीपीएल लायसन्स आवृत्ती २वाली एक आणि शेजारी अपाची लायसन्स २.०वाली एक, अशा दोघी सापडतील आणि त्यांचं पटत नाही. अपाचीच्या पेटंटविषयीच्या अटी आवृत्ती २ला चालत नाहीत, असं जीपीएल काढणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच सांगतं. २००७ साली जीपीएलची आवृत्ती ३ आली आणि समेट झाला, तोही एकतर्फी: अपाचीचा कोड जीपीएल ३च्या घरात नांदतो, उलट जमत नाही. आता तुमची लायब्ररी 'फक्त २' आहे की '२ किंवा पुढची', हे कळायला फाइलच्या डोक्यावरचा मजकूर वाचावा लागतो.

तो तर तुम्ही गेल्याच महिन्यात साफ केलात! मूळ लेखकाचं नाव काढून कंपनीचं घातलंत. छान केलंत. एमआयटीवाला बिचारा फुकट देऊन एवढंच मागतो, की माझी कॉपीराइटची ओळ आणि हा परवाना सोबत राहू द्या. पंगतीत पोटभर जेवायचं आणि उठताना दारावरच्या पाटीवर आपलं नाव रंगवून जायचं, याला धडाडी लागते.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या तुकड्यांना श्रेय द्यावं लागतं म्हणे. द्यायचं कोणाला? उचलणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला.

डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये राहिला असेल तर ती ओळ पुसा आणि 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून कमिट करा, म्हणजे बदलाची नोंद करा. या नोंदी ठेवणारं गिट जुनं काही विसरत नाही हे खरं, पण इतकं मागे जाऊन बघतंय कोण? पासवर्डच बदलायचा तर चौघांना विचारावं लागेल, त्यातले दोघे अलिबागला. नव्या मशीनवर बिल्ड होतं का, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार होतो का, हेही बघू नका. तुमच्याकडे होतंय ना? रीडमी या माहितीच्या फाइलीत 'लवकरच' लिहा, १.०.० असा आवृत्तीचा टॅग मारा, निघा.

सोमवारी गाडी भाईंदरच्या खाडीवर असताना मोबाइल वाजेल. पहिला इश्यू, म्हणजे कोडविषयीची पहिली तक्रार-चौकशी, आलेला असेल. कोणा अनोळखी माणसाने अगदी अदबीने विचारलेलं असेल, "हा कोड वापरायला परवानगी आहे का? आणि जुन्या कमिटमधला पासवर्ड अजून चालतोय, तो मुद्दाम ठेवलाय का?"

पहिल्या प्रश्नावर साहेबांना टॅग करा. दुसऱ्यावर अलिबागवाल्यांना.