एक इमारत मागे

भारतातून पाहुणे आले की शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला तिसऱ्या दिवशी बोट आठवते. पहिला दिवस झोपेत जातो, दुसरा सामान लावण्यात. तिसऱ्या दिवशी पाहुणे खिडकीतून बघत म्हणतात, "इथे रस्त्यावर माणसंच दिसत नाहीत रे." हे ऐकलं की समजायचं, आता यांना बाहेर काढलं पाहिजे.

या वेळी काका आणि आत्या आले होते. काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. आत्या सांगलीच्या, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेलं, आणि तिथल्या एका हौशी नाट्यमंडळाच्या आधारस्तंभ. शिकागो नदीतून बोटीने फिरायचं आणि काठावरच्या इमारतींची माहिती ऐकायची, असा कार्यक्रम मी जेवताना मांडला.

"कितीला?" काकांनी विचारलं.

"नव्वद मिनिटं. माणशी पन्नास डॉलरच्या आसपास."

काकांनी डोळे मिटून गुणाकार केला. "म्हणजे चार हजारांवर गेलं. इमारती रस्त्यावरून फुकट दिसतात."

"पण नदीतून वेगळ्या दिसतात," मी म्हणालो.

"वेगळ्या कशा दिसतील? त्याच इमारती ना?"

पुढचे चार दिवस घरात याच बोटीचं बोलणं होतं. सकाळची फेरी घ्यावी तर आत्यांची पूजा, दुपारची घ्यावी तर ऊन, संध्याकाळची घ्यावी तर काकांचं जेवण साडेसातला. वरच्या डेकवर छप्पर नाही आणि खालून इमारतींचे फक्त पहिले चार मजले दिसतात. डाव्या बाजूला बसावं की उजव्या, यावर मी ग्रुपवर मतदान घेतलं. पाच माणसांत डावीला दोन, उजवीला दोन आणि मुलीचं मत 'मला यायचंच नाही'ला पडलं. बोटीवर स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न आत्यांनी मला तीनदा, बायकोला दोनदा आणि मुलीला एकदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आहे, हे सगळ्यांनी स्वतंत्रपणे सांगितल्यावरच त्यांचा विश्वास बसला.

मी स्वतः सॉफ्टवेअरमधला. बीम आणि कॉलम यांतला फरक मला घर घेताना कळला. तरी पन्नास डॉलर वसूल व्हायला हवेत म्हणून मी रात्री जागून अभ्यास केला. १८७१च्या आगीत शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग कसा जळाला आणि त्या मोकळ्या जागेवर नवे प्रयोग कसे झाले, १८८५मध्ये जेनी नावाच्या माणसाने दहा मजली इमारत लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर कशी उभी केली, हे सगळं मी वाचत सुटलो. वाचता वाचता, वाचू नये ते वाचलं.

२००४च्या ऑगस्टमध्ये याच नदीत, किन्झी स्ट्रीटच्या पुलाखालून अशीच इमारती दाखवणारी एक बोट चालली होती. त्याच वेळी पुलावरून एका नावाजलेल्या बँडची बस चालली होती. ड्रायव्हरने बसच्या शौचालयाची टाकी तिथेच मोकळी केली. या पुलाला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. सुमारे आठशे पौंड ऐवज जाळीतून थेट खालच्या शंभरावर माणसांच्या डोक्यावर आला. तीही माणसं बिचारी इमारतींसाठी मान वर करूनच बसलेली असणार.

हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. गुपचूप छत्री तेवढी बॅगेत टाकली.

ठरल्या दिवशी दीड तास आधी निघालो. नदीकाठच्या वॅकर ड्राइव्ह नावाच्या रस्त्याखाली आणखी एक वॅकर ड्राइव्ह आहे, आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली तिसरा. फोनमधल्या बाईंना आपण नक्की कुठल्या मजल्यावर आहोत हे कळत नाही. "तुम्ही पोहोचलात," असं त्या आनंदाने म्हणाल्या तेव्हा आम्ही एका बोगद्यात कचऱ्याच्या डब्यांसमोर उभे होतो आणि नकाशात आमची गाडी नदीच्या मधोमध होती.

"चार हजारांत हे पण धरलंय का?" काकांनी विचारलं.

बोटीत शिरलो तेव्हा वरच्या डेकवर डावीकडे दोन आणि उजवीकडे तीन जागा उरल्या होत्या. मतदान असं निकालात निघालं. आत्या माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी पिशवीतून वही काढली, तिचं रबरबँड मनगटात अडकवलं, चष्मा बदलला आणि कोऱ्या पानावर तारीख टाकली. "तो इंग्रजीत फार भरभर बोलेल. तू मला मराठीत सांगत राहा, मी लिहिते. सांगलीला गेल्यावर सगळ्यांना सांगायचंय."

इथे माझ्या अभ्यासाचं चीज होणार होतं. बोट सुटली, गाईडने माइक हातात घेतला आणि ट्रिब्यून टॉवरकडे बोट दाखवलं. नेमकं तेव्हाच आत्यांनी विचारलं, "विवेकानंदांचं भाषण झालं ती यातली कुठली?"

मी सांगितलं, की १८९३चं ते भाषण आता जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत झालं, ती मिशिगन अॅव्हेन्यूवर आहे, नदीतून दिसत नाही. हे आत्यांना पटेपर्यंत गाईडचं ट्रिब्यून टॉवर संपलं होतं. मी घाईघाईने सुरू केलं, "याच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे दगड बसवलेत, ताजमहालाचासुद्धा." आत्यांनी मान वर केली. समोर रिग्ली बिल्डिंग होती.

एवढंच झालं. पण माझी गाडी एक स्टेशन मागे पडली ती पडलीच.

रिग्लीबद्दल मी सांगितलं, की ही च्युइंगम विकून गब्बर झालेल्या माणसाने बांधली, तेव्हा आत्या मीस व्हान डेर रोहे या वास्तुकाराने केलेला काळा काचेचा ठोकळा बघत होत्या. "च्युइंगमचा रंग असा असतो का?" असं पुटपुटत त्यांनी ते लिहून घेतलं. ठोकळ्याची पाळी आली. "यात एकही वळण नाही, नक्षी नाही, सगळं साधं, सरळ, काटकोनात," असं मी भारावून सांगत होतो. समोर मरीना सिटीचे ते प्रसिद्ध जुळे मनोरे उभे होते, अगदी मक्याची दोन कणसं. पासष्ट मजले गोल गोल गॅलऱ्या.

आत्यांनी चष्म्यावरून मनोऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साधं सरळ?"

"म्हणजे त्या काळच्या मानाने," मी म्हणालो. माझ्या एका कानात तेव्हा गाईड मर्चंडाइज मार्टबद्दल सांगत होता. एका कानाने ऐकायचं आणि तोंडाने आधीचं सांगायचं, हे मला कधी जमलेलं नाही. मरीना सिटीत तळाचे एकोणीस मजले गाड्यांसाठी आहेत आणि घरात काटकोन जवळपास नाहीच, हे ज्ञान मग मर्चंडाइज मार्टवर जाऊन पडलं. १९३०मध्ये जगातली सर्वांत मोठी ठरलेली ती इमारत म्हणजे कोपरे मोजून घ्यावेत असं खोकं आहे. आत्यांनी न बोलता लिहिलं. सरकारी परिपत्रक उतरवून घेताना शिक्षकांचा चेहरा जसा असतो, तसा त्यांचा झाला होता.

पलीकडच्या बाजूला काका मात्र खूश होते. त्यांना इमारतींत रस नव्हता, ते पूल बघत होते. पुलाचं पातं वर उचलताना वजन तोलायला मागे केवढा अजस्र भार बसवलेला असतो, ते मुलीला हाताने करून दाखवत होते. आणि नदीची गोष्ट ऐकल्यावर तर ते जागेवरून उठलेच. शहराची घाण नदीतून तळ्यात जायची आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातलं. म्हणून लोकांनी कालवा खणून १९००मध्ये नदीच उलटी वाहायला लावली. घाण निघाली सेंट लुईसच्या दिशेने. तिकडचे कोर्टात मनाई हुकूम आणायच्या तयारीत आहेत असं कळल्यावर इकडच्यांनी दोन जानेवारीला भल्या सकाळी, गाजावाजा न करता, बांध फोडून पाणी सोडलं.

"स्टे यायच्या आत काम उरकलं!" काका डेकभर ऐकू जाईल असं म्हणाले. "हे खरे इंजिनिअर! पुढे काय झालं केसचं?"

"सहा वर्षांनी सुप्रीम कोर्टात सेंट लुईसवाले हरले."

काकांच्या चेहऱ्यावर चार हजार वसूल झाल्याचं समाधान पसरलं.

एवढ्यात बोट उत्तरेकडे वळली आणि पुढे किन्झीचा पूल दिसला. वर गाड्यांचा घरघराट, आणि जाळीतून त्यांची पोटं दिसत होती. मी छत्री काढली आणि आत्यांच्या डोक्यावर उघडली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मागच्या रांगेतले आजोबा काहीतरी म्हणाले. मुलीने टोपी नाकापर्यंत ओढली आणि ती काकांच्या पलीकडे सरकली. पूल मागे पडला, वरून काही आलं नाही, मी छत्री मिटली. नंतर वहीत डोकावलो तर लिहिलेलं होतं, 'या पुलाखालून जाताना छत्री उघडण्याची प्रथा आहे.'

दक्षिणेच्या फाट्यावर परिस्थिती हाताबाहेर गेली. खाली निमुळत्या होत गेलेल्या, ३९ फुटांच्या बुडख्यावर उभ्या असलेल्या आणि वाऱ्यात डोलू नये म्हणून माथ्यावर पाण्याच्या टाक्या वाहणाऱ्या इमारतीचं वर्णन मी ऐन सिव्हिक ऑपेरा हाउससमोर केलं. ते १९२९चं, ऐसपैस मांडी घालून बसलेलं दगडी धूड आहे. आणि "हे इथलं मोठं नाट्यगृह, संगीत नाटकांचं," असं मी म्हणालो तेव्हा समोर विलिस टॉवर हा गगनचुंबी मनोरा होता.

आत्यांचं पेन थांबलं. त्या सांगलीच्या आहेत, नाट्यगृह म्हटल्यावर त्या नुसतं लिहून घेत नाहीत. "केवढं आहे रे?"

मला तेवढ्यात गाईडचं पुढचं वाक्य ऐकू आलं होतं. "एकशे दहा मजले," मी म्हणालो.

आत्या बराच वेळ वर बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय असं मला वाटलं. वारा असेल.

ढाक्यात जन्मलेल्या फजलुर रहमान खान यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधाव्यात तसा हा टॉवर उभा केला, हे मग जुन्या पोस्टाच्या वाट्याला गेलं. शेवटची इमारत सेंट रेजिस. जगात स्त्रीने आराखडा केलेली सर्वांत उंच, जीन गँग यांची. तिच्यासाठी समोर काही उरलंच नाही, आम्ही उतरलो होतो. ते भाषांतर मी पार्किंगमध्ये पूर्ण केलं. आत्यांनी भोवताली नजर फिरवली. "बाईने केलंय? तरीच खांब एवढे नेटके रंगवलेत."

मी दुरुस्ती करणार होतो. रात्री बसून सगळं एकेक ओळ वर सरकवायचं, एवढंच तर होतं. पण रात्रीपर्यंत वही फोटोंसकट ग्रुपवर गेली होती आणि पुण्या-सांगलीहून अंगठे यायला लागले होते.

आत्या परत गेल्याला महिना झाला. काल त्यांचा फोन आला. मंडळातल्या बायकांना त्यांनी सगळं सांगितलंय, आणि त्या नाट्यगृहाचं एका प्रयोगाचं भाडं काय असतं हे बायकांना हवंय. "आणि लिफ्ट आहे ना तिथे? आमच्या सगळ्यांचेच गुडघे..."

"शंभरावर आहेत," मी म्हणालो. निदान ही माहिती त्याच इमारतीची होती.