मॉनिटरी म्हणजे पैशाचं नव्हे

भाचीच्या इंग्रजी शब्दांच्या वहीत परवा 'मॉनिटरी'समोर 'पैशासंबंधी' असं लिहिलेलं दिसलं. म्हटलं, अगं, तो मॉनेटरी. हा वेगळा, सावध करणारा. तर म्हणते, "मामा, मोबाइलवर 'चेतावणी देणारा' असंही येतं."

इथे माझं डोकं सणकलं. चेतावणी हिंदीवाल्यांची. आपण चूल चेतवतो, नाहीतर माणसं चेतवतो. आग लागू नये म्हणून सांगायला नेमका तोच शब्द?

बरं, भाचीची चूक तशी मजेशीर निघाली. लॅटिनमध्ये 'मोनेरे' म्हणजे आठवण देणं, बजावणं. त्यातून मॉनिटरी आला. रोमची नाणी पडायची जुनो मोनेटा देवीच्या देवळापाशी, आणि मनी, मॉनेटरी हे शब्द त्या मोनेटावरून आले. देवीचं हे नाव 'मोनेरे'वरूनच पडलं, असं खुद्द रोमन वक्ता सिसेरो सांगतो. म्हणजे पोरगी चुकली, पण घरातल्या घरातच!

आपल्या वर्गातला मॉनिटर त्याच कुळातला. बडबड्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. घोरपडीला इंग्रजीत मॉनिटर म्हणतात, कारण ती मगर आल्याची वर्दी देते असा जुना समज. १८६२ साली अमेरिकी यादवीत उत्तरेच्या लोखंडी युद्धनौकेला तिचा रचनाकार एरिक्सनने 'मॉनिटर' नाव सुचवलं, तेही दक्षिणेतल्या बंडखोर पुढाऱ्यांना समज मिळावी म्हणून.

मॉनिटरी हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही. तो चर्चच्या कागदपत्रांत शोभतो. १५२० साली पोपने धर्मसुधारक ल्यूथरला साठ दिवसांत मतं मागे घ्या नाहीतर बहिष्कृत व्हा असं फर्मावलं, ते मॉनिटरी पत्र. (ल्यूथरने ते डिसेंबरात जाळलं.) जवळच्या शब्दांपैकी ॲडमॉनिटरीत थोडं रागावणं येतं. कॉशनरीत दुसऱ्याची फजिती सांगून शहाणं करणं. आपलं 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'. ऑमिनस, म्हणजे अशुभसूचक, मात्र निराळा. भरून आलेलं काळं आभाळ ऑमिनस असतं, ते कुणाला बजावायला येत नाही.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? इशारा कुणीही कुणालाही द्यावा. ताकीद वरच्याने खालच्याला द्यायची, तंबीत तर दमही आला. विशेषण हवं तर 'वजा' लावा: इशारेवजा, ताकीदवजा. पेपरवाले 'धमकीवजा' रोज छापतातच की.

भाचीने शेवटी 'इशारेवजा' लिहिलं. मग विचारते, "मामा, वजा म्हणजे मायनस ना?"